चौऱ्याहत्तर चुका

शरयूने एका पानातल्या चौऱ्याहत्तर चुका दुरुस्त केल्या, त्या दिवशी रेवा पाच महिन्यांची झाली. दोन्ही गोष्टी तिने वहीत लिहून ठेवल्या. त्या वहीत सगळंच असे. रेवा किती वाजता प्यायली, किती वेळ झोपली, झोपेत मिनिटाला किती श्वास घेतले. श्वास मोजा असं डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं. ते तिचं तिनेच ठरवलं होतं.

घर तळेगावच्या पुढे, नव्या वसाहतीत, चौदाव्या मजल्यावर. नवरा साईश समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला, बावीस दिवस तिकडे आणि आठ दिवस घरी. तिथून फोन फक्त रविवारी. त्यामुळे शरयूचं बोलणं व्हायचं ते रेवाशी, आणि रेवा झोपली की कामाच्या पानांशी.

काम म्हटलं तर साधं होतं. 'अंगण' नावाच्या सिस्टीमच्या मदतीच्या पानांतलं शुद्धलेखन तपासायचं. लोकांना हे सांगितलं की ते हसत. "मदतीची पानं वाचतं कोण?" असं तिच्या सख्ख्या भावाने विचारलं होतं. पण 'अंगण'ची पानं वाचली जात होती, आणि वाचणारी माणसं नव्हती.

पूर्वी नेटवर्क जोडायचं म्हणजे आकड्यांचं जंजाळ असे. पत्ता, दार, परवानगी, सगळे आकडे. ते भरायला माणूस बोलवावा लागे आणि तो दोन दिवसांनी येई. 'अंगण'वाल्यांनी आकडेच काढून टाकले. जोडणी कशी करावी हे माणसांना समजावणारी जी पानं होती, तीच डब्याला वाचायला दिली. डबा म्हणजे घरोघरी भिंतीवर असलेलं, वहीएवढं पांढरं यंत्र. ते साध्या मराठीतली पानं वाची, समजून घेई आणि तसं वागे. पानावर लिहिलं असेल, 'शेजारच्या घराला जोडणी हवी असल्यास घरमालकाचा होकार घेऊन दार उघडावे', तर डबा होकार घेई आणि दार उघडे.

खेड्यांतले मोबाईलचे मनोरे परवडेनात म्हणून कंपन्यांनी एकेक करून उतरवले होते. त्यानंतर सगळी भिस्त या दारांवर आली. मोठ्या गावातला डबा वाडीच्या पहिल्या घराला जोडणी देई, पहिलं घर दुसऱ्याला, आणि असं करत ती टोकाच्या घरापर्यंत पोचे. मधलं एखादं दार बंद झालं की पुढची घरं अंधारात.

पानं मात्र घाईघाईत उतरवलेली होती. 'जोडणि', 'शेजाऱ्यानां', 'परवानगि'. डब्याचं त्यापायी काही अडत नव्हतं, आपल्याला गर्दीतही ओळखीचा आवाज कळतो तसं त्याला कळे. पण शाळांनी तक्रारी केल्या, वर्तमानपत्रांत पत्रं आली, आणि बत्तीस जणांचा शुद्धलेखन कक्ष उभा राहिला. बत्तीसच्या बत्तीस जण आपापल्या घरी बसून काम करणारे. कुणी कुणाला समोरासमोर पाहिलेलं नव्हतं.

कक्षाची एक रीत होती. तिला ते 'चव घेणं' म्हणत. दुरुस्त केलेलं पान आधी आपल्या घरच्या डब्यात घालायचं, एक दिवस वापरायचं, काही बिघडलं नाही तरच सही करायची. सही झाली की पान राज्यभर जाई. दुरुस्तीच्या अर्जावर प्रश्न असे, 'मजकुराचा अर्थ बदलला का?' शुद्धलेखनवाले डोळे झाकून 'नाही' लिहीत.

चौऱ्याहत्तर चुकांचं ते पान, शेजारच्या दाराचं, शरयूने गुरुवारी दुरुस्त करून संपवलं, एक दिवस चव घेतली, काही बिघडलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाचला तिने सही केली. अर्थ बदलला का? नाही.

शनिवारी सकाळी साडेदहाला नेहमीप्रमाणे भिंतीवरची स्क्रीन वाजली. सासूबाई.

रोहिणीबाई भुवड लांज्याच्या आत एका वाडीत एकट्या राहत. वाडीत अकरा घरं, त्यातली नऊ कुलूपबंद. चाकरमानी मंडळी गणपतीला दहा दिवस येत आणि पुन्हा कुलूप लावून मुंबई गाठत. सगळ्यात टोकाचं घर रोहिणीबाईंचं. त्यांना जोडणी मिळे ती शेजारच्या मांडवकरांच्या घरातून. मांडवकर ठाण्याला असत, पण जाताना छपरावरच्या सौर तक्त्यावर डबा चालू ठेवून जात, रोहिणीकाकीची गैरसोय नको म्हणून. मागच्या वर्षी त्या चक्कर येऊन न्हाणीत पडल्या, तेव्हा साईशने त्यांच्या मनगटावर पट्टा बांधला. त्या पडल्या, नाडी चुकली, ताप चढला की पट्टा शरयूच्या स्क्रीनवर वाजणार. एरवी गप्प.

"काय गो, आंघोळ चाललीय वाटतं?"

"हो आई."

"पाणी कढत नाय ना? वाफ दिसतेय मला इथून."

"सदतीस अंश आहे. मोजलंय मी."

"मोजूनच न्हाऊ घालतेस हो तू. आणि ती वही कसली बाजूला? आंघोळीचं पण लिहितेस काय?"

"डॉक्टरांना दाखवायला लागतं."

"डॉक्टर काय करतो तिचं, वाचन? पोर आहे ती, चुलीवरचं दूध नाय उतू जायला. जरा सोड तिला. अगो, मान धर, मान!"

"धरलीय मी!" शरयूचा आवाज चढला. रेवा दचकून रडायला लागली. मग ओल्या हाताने कपाळावरचे केस मागे सारत शरयू म्हणाली, "आई, रोज बघायलाच हवं का? एक दिवसाआड केलं तरी चालेल ना?"



"बरं," रोहिणीबाई म्हणाल्या. स्क्रीन काळी झाली.

रविवारी साडेदहाला ती वाजली नाही. ठीकच, एक दिवसाआड. साईशचा फोन दुपारी आला, मागे वाऱ्याचा घोंघाट.

"आई कशी आहे?"

"रुसल्यात. मी जरा बोलले काल."

"काय बोललीस?"

"काही नाही रे. पट्टा गप्प आहे म्हणजे ठीकच असतील."

"लाव ना एकदा तूच. तिला आपणहून केलेलं आवडतं."

"लावते."

सोमवारीही स्क्रीन वाजली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. शरयूने फोन लावला नाही. रोज ठरवायची आणि साडेदहाची वेळ टळली की तिला हायसं वाटायचं. आंघोळ शांतपणे व्हायची, कुणी बघत नसायचं, कुणी टोकत नसायचं. बुधवारी मात्र रेवाला टॉवेलात गुंडाळताना तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण मोठ्या माणसाशी एक शब्द बोललेलो नाही. तिने उगीचच मोठ्याने म्हटलं, "झालं बाई आमचं." तो आवाज तिला परका वाटला.

गुरुवारी ती रेवाला लस द्यायला निघाली. लिफ्टमध्ये अकराव्या मजल्यावर काळभोर काकू शिरल्या. हातात कढीपत्त्याची कुंडी. नाव शरयूला माहीत होतं ते दारावरच्या पाटीमुळे. सहा महिन्यांत बोलणं काही झालं नव्हतं.

"बाळ पहिल्यांदाच बघतेय हो मी," काकू म्हणाल्या. "रडण्याचा आवाज मात्र ओळखीचा. तू त्या डब्याच्या कंपनीत आहेस ना? वॉचमन सांगत होता. मग हे जरा सांग मला. एकदा विचारलेलं पुन्हा का विचारतात?"

"काय विचारलं?"

"शुक्रवारी संध्याकाळी डबा बोलायला लागला. म्हणे, शेजारच्या सान्यांना दार उघडं ठेवायचं का? अगं, दोन वर्षांपूर्वी हो म्हटलंय की! म्हणे, मजकूर बदललाय, नव्याने होकार द्या, चोवीस तासांत नाही दिला तर बंद करतो. मी म्हटलं हो बाबा, हो. साने बिचारे काठी टेकत येऊन बघून गेले. तुझ्याकडे नाही विचारलं?"

"नाही," शरयू म्हणाली. "माझ्या डब्याला कुणीच जोडलेलं नाही."

हे बोलता बोलता तिला मांडवकरांचं कुलूपबंद घर आठवलं.

लिफ्ट खाली पोचली. काकू बाहेर पडल्या. शरयूने चौदाचं बटण दाबलं आणि ती रेवाला घेऊन तशीच वर आली.

दार लावून तिने आधी नियमाचं पान उघडलं. तिला ठाऊक असलेलाच नियम तिने तीनदा वाचला. डबा प्रत्येक पानाचा एक ठसा जपून ठेवतो, अंगठ्याच्या ठशासारखा. पानातलं एक अक्षर हललं तरी ठसा बदलतो. ज्या ठशाच्या पानाखाली होकार दिला, तेवढ्यालाच तो होकार लागू. हा कायदा लोकांच्या भल्यासाठी होता, कंपनीने गुपचूप मजकूर बदलून लोकांना अडकवू नये म्हणून. आणि अर्थ बदलला का, या प्रश्नाचं उत्तर? ते कार्यालयातल्या अर्जावर राहत होतं. डब्यापर्यंत ते कधी जातच नव्हतं. बत्तीस जणांना वाटत होतं की जातं. होकार लागणारं पान कक्षाकडे पहिल्यांदाच आलं होतं.

चव घेतल्यावर हे कळायला हवं होतं. पण कक्षातल्या लोकांना सक्त ताकीद होती, कामाच्या डब्याला शेजार जोडायचा नाही. बत्तीस घरं, बत्तीस डबे, एकाचंही दार कुणासाठी उघडं नाही. शेजारच्या दाराचं पान जिथे चाखून बघत, तिथे शेजारच नव्हता.

मांडवकरांच्या बंद घरात शुक्रवारी संध्याकाळी डबा बोलला असेल. दार उघडं ठेवायचं का? कुलूप, झाकलेली भांडी, भिंतीवरचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर. चोवीस तास त्याने वाट पाहिली असेल आणि शनिवारी संध्याकाळी दार लावून घेतलं असेल.

म्हणजे पट्टा गप्प होता तो सासूबाई बऱ्या आहेत म्हणून नव्हे. त्याला बोलायला वाटच उरली नव्हती. पाच दिवस.

तिने लावला. 'हे घर जोडणीत नाही.' सासूबाईंना पुन्हा लावला. मग मांडवकरांच्या ठाण्याच्या नंबरावर. त्यांच्या मुलीने उचलला, बाबा रुग्णालयात आहेत, संध्याकाळी बोलतील म्हणाली. मग शरयूने हमरस्त्यावरच्या गुणाजी पाष्ट्यांच्या दुकानात लावला. त्या गावात मनोरा अजून होता.

"गुणाजीभाऊ, मी शरयू. साईशची बायको."

"बोला वैनी. बाळ बरं ना?"

"आई दुकानात येऊन गेल्या का? आज, काल?"

"काकी?" ते थांबले. "सोमवारच्या बाजाराला नाय आल्या. मी म्हटलं, तुमच्याकडे गेल्या असतील नातीला बघायला. सारखं तेच चाललेलं त्यांचं, बोलावलंन की जाईन म्हणून."

"इकडे नाही आल्या त्या."

"वैनी? काय झालं?"

"कुणीतरी जाऊन बघेल का? आत्ता?"

"मीच जातो की. आमच्या दोघा माणसांना घेतो. गाडी पऱ्याच्या काठापर्यंतच जाते, वरचा साकव मोडलाय, पाणी ओलांडून चालत जायला लागेल. दीड तास धरा."

दीड तास. शरयूने टिळेकर सरांना स्क्रीनवर बोलावलं. कक्षप्रमुख टिळेकर नाशिकला घरूनच काम करत. वरून इस्त्रीचा शर्ट, आवाज नेहमी हसरा.

"या, चौऱ्याहत्तरवाल्या बाई! एका पानात चौऱ्याहत्तर, विक्रम आहे कक्षाचा."

तिने सगळं सांगितलं. ते हसायचे थांबले. त्यांनी काहीतरी चाळून पाहिलं.

"दारं बंद झालीत खरी. एकतीसशे आणि काही. पण शरयू, तक्रारी किती आल्यात माहितेय? अकरा. अख्ख्या राज्यातून अकरा."

"सर, ज्याचं दार बंद झालं तो तक्रार कशावरून करणार?"

टिळेकरांनी चष्मा काढला.

"सोमवारी बैठकीत ठेवतो मी हे. तोवर तुझ्या सासूबाईंच्या घरापुरता वेगळा अर्ज कर. माझी शिफारस जोडतो. दोन दिवसांत उघडतील."

"मला आत्ता हवंय."

"आत्ता कुणालाच करता येत नाही."

"मला येतं. पान माझ्या सहीचं आहे. मी परत घेतलं तर जुनं पान जसंच्या तसं जाईल. जुना ठसा, जुने होकार. सगळी दारं उघडतील."

"आणि तुझी सही जाईल. स्वतःचं पान परत घेतलं की सही रद्द, हा नियम आहे. वर्षभर तरी कुणी काम देणार नाही. कुठेच." ते जरा मऊ झाले. "तुला मूल लहान आहे. घरबसल्या असलं काम पुन्हा मिळत नाही गं. एका घरासाठी अर्ज कर. तुझं काम होतंय ना?"

शरयू पाळण्याकडे बघत होती. रेवाचं पोट वरखाली होत होतं. सवयीने ती मोजायला लागली आणि सोळावर थांबली. टोकाच्या घरात जे माणूस होतं, त्याचे श्वास पाच दिवस कुणीच मोजले नव्हते. आणि तसली घरं एकतीसशे. त्यांच्यासाठी अर्ज कोण करणार? त्यांच्या सुना कुठल्या कक्षात कामाला होत्या?

"सर, ठेवते," ती म्हणाली.

जुनं पान तिने समोर घेतलं. 'जोडणि', 'शेजाऱ्यानां', 'परवानगि'. तीन दिवस खपून, रेवाच्या झोपांच्या फटीत बसून तिने ते स्वच्छ केलं होतं. त्याच्याइतकं नेटकं काम तिने या वर्षात दुसरं केलं नव्हतं. तिने 'परत घ्या' दाबलं. नक्की? हो. कारण लिहा. तिने लिहिलं, 'चव घेतली तेव्हा माझ्या घराला शेजार नव्हता.'

आकडा हळूहळू सरकू लागला. बारा दारं. दोनशे. नऊशे. मधेच एक ओळ चमकून गेली, आपली सही रद्द करण्यात आली आहे. कामाची खिडकी आपोआप मिटली.

आणि पट्टा वाजला.

तो नुसता वाजला नाही, पाच दिवसांचं साठलेलं एकदम ओतायला लागला. रविवारी दोन हजार पावलं. सोमवारी ताप, चारशे पावलं. मंगळवारी नव्वद. बुधवारी एकवीस. आज एकही नाही. नाडी एकशे दहा. ताप एकशे तीन.

नाडी होती. शरयू खाली फरशीवरच बसली आणि तिने लावला.

बराच वेळ वाजत राहिलं. मग स्क्रीनवर उशीचा कोपरा, पांढरे केस, एक डोळा.

"कोण? शरयू?"

"आई, गुणाजीभाऊ येतायत. निघालेत ते. पाणी आहे का जवळ?"

"आहे, तांब्या आहे." आवाज खरवडल्यासारखा. "रेवा कुठाय?"

"झोपलीय. आई, इतका ताप... आधी..."

"सोमवारी लावला गो. डबा म्हणाला, दार बंद आहे." त्यांनी दम घेतला. "मी म्हटलं, बरोबर आहे. एक दिवसाआड म्हणालीस ना तू. मग मी एक दिवस सोडला, परत लावला. तरी बंदच. मग म्हटलं, आणखी एक सोडावा."

शरयूला वाटलं, सांगावं. ठसा, होकार, मांडवकरांचं बंद घर, सगळं नीट समजावून सांगावं. त्यात तिचा दोष नावापुरताच उरला असता. कुणीही म्हटलं असतं, कामातली चूक, कुणाच्याही हातून झाली असती.

"दार माझ्या हातून बंद झालं, आई. चुकून. ते मी नंतर सांगेन तुम्हाला," ती म्हणाली. "पण पाच दिवसांत मी एकदाही लावून बघितलं नाही. ते चुकून झालं नाही."

रोहिणीबाईंनी मान उशीवर जरा वळवली. समजलं की नाही, कळेना.

"असं उघड कोण बोलतं सासूला?" त्या म्हणाल्या. ओठ जरासे हलले. मग डोळा मिटला.

"आई? आई, बोलत राहा."

"काय बोलू? तूच बोल. मी ऐकत्ये."

शरयूने वही ओढली आणि ती वाचायला लागली. शनिवार, सव्वासहाला दूध. साडेसातला झोप, चाळीस मिनिटं. दहा वाजून पंचवीसला आंघोळ. रविवार. सोमवार, दुपारी पहिल्यांदा स्वतःहून कूस वळली. "हां," पलीकडून मधूनमधून येई. कधी येत नसे, तेव्हा शरयू नाडीचा आकडा बघे आणि पुढची ओळ वाची. बुधवारच्या दुपारपर्यंत ती पोचली तेव्हा पलीकडे कवाड वाजलं आणि पायांचे आवाज आले.

"काकी! ओ काकी! अरे, अंग भाजतंय रे हिचं. खुर्ची आण ती, खुर्चीत घालूनच नेऊ. वैनी, तुम्ही हाव काय तिथं? काकीला नेतो हां. आरोग्य केंद्रात पोचलो की फोन करतो."

"भाऊ, बऱ्या होतील ना?"

"शुद्धीवर हायत. बघू आता."

चित्र हललं, कोणाचं तरी कोपर दिसलं, मग एकदम छप्पर. फोन अंथरुणावरच राहिला होता. माणसांचे आवाज अंगणात गेले, दूर गेले, मग ऐकू येईनासे झाले.

छपराच्या कौलांत एक काचेचं कौल होतं. त्यातून उन्हाची एक पट्टी खाली आली होती, आणि तिच्यात धूळ तरंगत होती. कुठेतरी कोंबडी बोलत होती. शरयूने आवाज वाढवला. रेवा उठली, तिने तिला मांडीवर घेतलं आणि दोघी त्या रिकाम्या घराकडे बघत बसल्या. गुणाजींचा फोन यायला अजून दोन तास तरी होते.